निम्म्या जागेचे मामा

इंग्रजीतला एकच शब्द घेऊन माणूस अख्खा जन्म रेटू शकतो, हे ज्याला खोटं वाटत असेल त्याने आमच्या मामांना भेटावं. माझ्या आत्याचे मालक म्हणून ते आमचे मामा, आणि आमचं ऐकून ऐकून सगळ्या लासुर्ण्याचे मामा. इंग्रजीचा आणि त्यांचा संबंध पाचवीतच संपला, कारण शाळेचाच आणि त्यांचा संबंध पाचवीत संपला. पण शाळेतून बाहेर पडताना त्यांनी एक शब्द खिशात घातला तो घातलाच. ॲडजस्ट. तोही त्यांनी जसाच्या तसा ठेवला नाही. कडा घासून, तोंडात नीट बसेल असा करून घेतला आणि त्याचं ‘अडजेस’ केलं. म्हणजे जग ॲडजस्ट करायला निघण्याआधी मामांनी तो शब्दच ॲडजस्ट करून घेतला. मी बारामतीत कॉलेजात शिकवते. एकदा सुट्टीत गेले असताना त्यांना म्हटलं, “मामा, डिक्शनरीत या शब्दाला एवढे अर्थ नाहीत हो.” मामा चुन्याची डबी उघडत म्हणाले, “डिक्शनरीवाला कवा लासुर्ण्याला आलता?”

खरंच, तो आला असता तर त्याला वहीची पानं पुरली नसती. विहिरीवरची मोटार सारखी बंद पडायला लागली की स्टार्टर अडजेस. ट्रॅक्टरचा क्लच अडजेस. आत्याच्या आमटीत मीठ जास्त पडलं की कणकेचे दोन गोळे सोडायचे, म्हणजे आमटी अडजेस. थोरला भाऊ वारला तेव्हा त्याचा चांगला चष्मा टाकून कसा द्यायचा म्हणून मामांनी तोच नाकावर चढवला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, अहो हा तुमचा नंबर नाही. मामा म्हणाले, “डोळं अडजेस हुत्यात वो हळूहळू. भावाचाच हाय, परक्याचा न्हाय.” त्या चष्म्यातून त्यांना लांबचं तेवढं दिसतं आणि जवळचं मुळीच दिसत नाही, पण भावाची आठवण रोज नाकावर असते, हे त्यांना पुरेसं होतं. एकाच दिवशी गावात एकाचा दहावा आणि दुसऱ्याचं लग्न आलं. सगळे पेचात. मामा सकाळी नदीवर डोळे पुसून दुपारी मांडवात अक्षता टाकायला पहिल्या रांगेत हजर. मी विचारलं, असं कसं जमतं? तर म्हणाले, “टोपी तीच ऱ्हाती. तोंड तेवढं अडजेस करायचं.”

माणसांची भांडणं तर त्यांच्या हातचा मळ. बांधावरच्या आंब्यावरून दोघं सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले तेव्हा मामा मधे जाऊन बसले आणि म्हणाले, “सकाळची सावली ह्याच्याकडं पडती, सांजची त्याच्याकडं. झाडानं वाटणी करून ठिवलीय, तुमी आनि कशाला घाम गाळताय?” भाऊ खजील झाले. कॅनॉलच्या पाण्याची पाळी असो, लग्नपत्रिकेत कुणाच्या काकाचं नाव वर छापायचं याचा वाद असो, कारखान्याच्या निवडणुकीत एकाच घरात दोन पॅनल निघालेले असोत, मामांना बोलावणं यायचं. निवडणुकीत ते स्वतः दोन्ही पॅनलांच्या पंगतीला जेवत. कुणी टोकलं तर म्हणत, मत गुप्त असतंय, जेवण उघड असतंय, कुणाला राग यायचं कारण न्हाय. आणि गंमत अशी की खरंच कुणाला राग येत नसे.

पण मामा खरे पाहावेत ते एसटीत. बारामती-इंदापूर गाडीत त्यांना अख्ख्या जागेवर बसलेलं कधी कुणी पाहिलेलं नाही. गाडी रिकामी असली तरी ते बाकाच्या कडेला, निम्म्या अंगावर बसतात. निम्मं अंग बाकावर, निम्मं हवेत, एक पाय वाटेत रोवलेला, हात समोरच्या दांडीला. पुढच्या थांब्यावर कुणीतरी येणार, त्याला जागा लागणार, मग आधीच सरकून बसलेलं काय वाईट, असा त्यांचा हिशेब. सगळा प्रवास असा अधांतरी करून लासुर्ण्याला उतरले की कंबर धरून दोन मिनिटं उभे राहतात आणि मग चालायला लागतात. मला त्यांचं हे निम्म्या अंगावर बसणं बघून हसू येई, आणि खरं सांगायचं तर जीवही तुटे. स्वतःची जागा देऊन टाकणारा माणूस वाईट कसा म्हणायचा?

वाईट नव्हतेच ते. पण त्यांचा तो शब्द मला एका ठिकाणी खुपायचा. सासरहून रुसून, रडून माहेरी आलेल्या पोरींना परत घालवायला जायचं काम गावाने मामांवर टाकलं होतं, आणि मामांनी ते मानाचं समजून घेतलं होतं. त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आपल्याकडे लेक सासरी निघाली की सोबत शिदोरी द्यायची रीत आहे. मामा ती शिदोरी पोरीच्या हातात देत नसत, स्वतः उचलत. करंज्या, पुरणाच्या पोळ्या, दशम्या घातलेली दुरडी, वर पांढरं फडकं गाठ मारून बांधलेलं. सासरच्या घरात शिरले की भांडणाचं अवाक्षर काढायचं नाही. पाऊसपाणी, उसाची तोड, दुधाचा फॅट. मग हळूच दुरडी मधे ठेवायची, सासूच्या हातून गाठ सोडवून घ्यायची आणि सगळ्यांना एकाच ताटात बसवायचं. पोरीलाही, जावयालाही. “एकदा का शिदोरीचा घास पोटात गेला,” ते मला सांगत, “की मानूस तोंड वाकडं करायला लाजतंय. मग पोरीला सांगायचं, अडजेस कर बाय. जावयाला सांगायचं, संबाळून घ्या. झालं.” मी एकदा विचारलं, “मामा, जावयाला अडजेस कर असं का नाही सांगत?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू लई शिकलीस.” बस, एवढंच. मी रागाने चहा अर्धा ठेवून उठले होते.

त्यांची एकुलती एक लेक शीतल, माझी आतेबहीण. लहानपणी इतकी मोठ्याने हसायची की शेजारची म्हैस दावं ओढायची. तिला इंदापूरपलीकडे बावड्यात दिली. घर मोठं, ऊस भरपूर, नवीन बांधकाम. पहिल्यांदा ती परत आली ती सासूच्या बोलण्याला कंटाळून. मामांनी दुरडी उचलली. दुसऱ्यांदा आली तेव्हा जावयाने हात उचलला होता. मामा त्या रात्री जेवले नाहीत असं आत्या सांगते, पण दोन दिवसांनी दुरडी उचललीच. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा काहीच बोलली नाही. अंगण झाडायची, भाकरी करायची, चुलीकडे बघत बसायची. आत्याच्या एवढंच लक्षात आलं की हाक मारली की पोरगी मान वळवून उजवा कान पुढे करते. आत्याने मला फोन केला. मी शीतलला बारामतीला दवाखान्यात नेलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. मामा दवाखान्याच्या बाकावर, अर्थात निम्म्या अंगावर, बसले होते. मी सांगितलं तेव्हा ते खाली बघून म्हणाले, “औषिधानं अडजेस हुईल न्हवं?” मला इतका संताप आला की मी काही बोललेच नाही. बोलले असते तर आयुष्यभराचं बोलले असते.

आठवडाभराने त्यांनी आत्याला सांगितलं, शिदोरी कर. आत्या पदराने डोळे पुसत पुरण वाटायला बसली. शीतलने पिशवी भरली. ती ‘नको’ म्हणाली नाही, आणि तेच मला सहन होईना. मला कळत होतं की मामांना लेकीची काळजी नव्हती असं नाही. त्यांच्याकडे शब्दही एकच होता आणि वाटही एकच. बाकी काही त्यांना येतच नव्हतं. निघताना आत्या माझा दंड धरून म्हणाली, “तू संगं जा. मला कुनी न्हेत न्हाय तितं.” आम्ही तिघं इंदापूरला गाडी बदलून बावड्याला पोचलो. दुरडी मामांच्या मांडीवर.

बैठकीची खोली झगझगीत होती. सोफा, भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, मोठा टीव्ही. जावई सोफ्यावर पाय पसरून बसला होता. विहीणबाई खुर्चीवर. आम्हाला बसवलं. मामांनी नेहमीप्रमाणे पाऊस काढला, तोड काढली, फॅट काढला. मग दुरडी मधे घेतली आणि विहीणबाईंच्या पुढे सरकवताना त्यांची नजर दाराकडे गेली. मीही बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात, चटईच्या कडेला शीतल बसली होती. निम्मी चटईवर, निम्मी फरशीवर. एक गुडघा वर, एक हात चौकटीला, म्हणजे कुणी आलं-गेलं की लगेच सरकता यावं. तिची जाऊ चहाचा ट्रे घेऊन आली, तर शीतल आणखी आखडून बसली. वाट तर रुंद होती. चार खुर्च्या रिकाम्या होत्या.

मामांचा हात फडक्याच्या गाठीवर तसाच राहिला. भावाच्या चष्म्यातून त्यांना जवळचं दिसत नाही म्हणतात, पण लेक लांब होती. ती त्यांना नीट दिसली.

“शीतल, खुर्चीवर बस की,” ते म्हणाले.

शीतलने आधी सासूकडे पाहिलं. विहीणबाई हसल्या. “ती तितंच बसती. सवं हाय तिला.”

“लगीन हून इतकी वर्सं झाली,” मामा हळू म्हणाले. “हिची बसायची जागा कुठली हाय हितं?”

“म्हंजी?” जावई म्हणाला. “मामा, आख्खं घर तिचंच हाय की.”

“आख्खं न्हाय इचारलं. बूड टेकायपुरतं इचारलं.”

टीव्ही आवाज बंद करून चालू होता, त्यात कुणीतरी नाचत होतं. जावयाने पाय खाली घेतले आणि जरा हसून म्हणाला, “मामा, तुमीच तर आख्ख्या तालुक्याला सांगत फिरता, अडजेस करावं लागतंय म्हनून.”

मामांनी दुरडी जवळ ओढली. मला वाटलं आता ते गाठ सोडतील. त्यांनी गाठ ओढली, पण सोडायला नाही, घट्ट करायला. “व्हय,” ते म्हणाले. “मीच सांगितलं. हिला बी मीच सांगितलं. दोनदा.” मग दुरडी उचलून उभे राहिले. “ऊठ शीतल. डावीकडनं बोललो म्हनून ऐकू आलं नसंल, म्हनून परत सांगतो. ऊठ पोरी, घरी चल.”

तिला ऐकू आलं होतं. ती आधीच उठली होती.

सासरी नेलेली शिदोरी न उघडता परत आणायची, असं आमच्याकडे होत नाही. तिचं काय करतात हे कुणालाच ठाऊक नाही. इंदापूरच्या स्टँडवर मामांनी दुरडी बाकावर ठेवली आणि तिघंही नुसते तिच्याकडे बघत बसलो. मामा म्हणाले, “आईनं केलंय. वाया न्हाय घालवायचं.” त्यांनी फडकं सोडलं, पोळी मोडली आणि पहिला घास शीतलच्या तोंडापुढे धरला. तिने तो खाल्ला, मग दुसरा स्वतः घेतला, आणि मग एकदम इतकी रडली की शेजारच्या बाकावरची म्हातारी पाण्याची बाटली घेऊन धावत आली. मामांनी म्हातारीला दोन करंज्या दिल्या. मीही रडले. मला पोळीची चव अजून आठवते, वेलदोडा जरा जास्तच पडला होता.

परतीच्या गाडीला ही गर्दी. तिघांच्या बाकावर खिडकीशी शीतल, मधे मी, कडेला मामा, पुन्हा त्याच निम्म्या अंगावर. वाटेतल्या एका थांब्यावर एक बाई गाठोडं घेऊन चढली आणि आमच्या बाकाशी येऊन म्हणाली, “दादा, जरा अडजेस करा की.” मामा ताडकन उठले. बाई संकोचली. “आवं उठू नगासा. पोरगी जरा तिकडं सरकंल की, हुईल चौघांचं.”

“ती न्हाय सरकायची,” मामा म्हणाले. “तुमी माझ्या जागंवर बसा.”

आणि लासुर्ण्यापर्यंत ते दुरडी छातीशी धरून उभे राहिले. शीतल खिडकीला डोकं टेकून, पाय जवळ न घेता, ऐसपैस झोपली होती. दर धक्क्याला मामा वाकून बघत होते ती जागी तर झाली नाही ना.

गावात व्हायची ती चर्चा झाली. दुसऱ्यांच्या पोरी घालवल्या आणि सवताची ठिवून घेतली, असं लोक पारावर, मामांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले. मामा कुणाशी भांडले नाहीत. हे बोलणं खरंच आहे, असं ते आत्याला म्हणाले. त्यानंतर त्यांनी एक नवीनच खूळ काढलं. ज्या ज्या पोरींना त्यांनी घालवलं होतं, त्यांच्या सासरी ते एकेक करून जाऊ लागले. दुरडी नाही, बैठक नाही. नुसतं जायचं, पाणी प्यायचं आणि विचारायचं, “बाय, तुझी बसायची जागा कुठली गं हितं?” काही घरांत लोक हसले, म्हातारा बिघडला म्हणाले. एका पोरीने थाटात झोपाळ्यावर बसून दाखवलं, तेव्हा मामा येताना पेढे घेऊन आले. एकीने हसत उंबऱ्याकडे बोट केलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. तिच्याकडे ते अजून दर महिन्याला जातात. आता घालवायला मात्र त्यांना कुणी बोलावत नाही. तो मान गेला, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं हे मला दिसतं. ज्या माणसाचं अख्ख्या गावात नाव एका गोष्टीसाठी होतं, त्याने ती गोष्ट सोडली की त्याच्या हातांना काम उरत नाही. शीतल माझ्याकडे राहून नर्सिंग शिकते. कान पुरता बरा झालेला नाही. हसते, पण पूर्वीइतकं मोठ्याने नाही.

मधे एकदा मामा अचानक बारामतीला माझ्या दारात उभे. म्हणाले, “खुर्ची घ्यायची हाय. चल.” मी म्हटलं, घरात खुर्च्या आहेत की. तर म्हणाले, “पाव्हण्यांच्या हायत. तुझ्या आत्याची कुठाय?” त्यांनी तिलाही तो प्रश्न विचारला होता म्हणे. ती भाकरी थापत हसली आणि म्हणाली, “मला कवा बसायला टाइम हाय?” दुकानात मामा प्रत्येक खुर्चीवर बसून बघत होते, आणि मी बघतच राहिले, कारण ते पूर्ण बसत होते. मागे रेलून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, डोळे मिटून. दुकानदाराला म्हणाले, “बसनारं मानूस मोठ्या मोलाचं हाय. हलकी देऊ नगा.”

ती खुर्ची महिनाभर धुतलेले कपडे ठेवायच्या कामी आली, मग पिठाचा डबा तिच्यावर आला. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा डबा खाली होता आणि आत्या खुर्चीत बसून मेथी निवडत होती. कडेला, निम्म्या अंगावर, एक पाय चुलीकडे रोवून. मामा दारात उभे राहून तिच्याकडे बघत होते.

“नीट बस की गं,” ते म्हणाले.

“बसलीया की.”

“मागं सरक जरा.”

आत्या बोटभर मागे सरकली आणि म्हणाली, “बास की आता. एवढ्यात अडजेस हुतंय माझं.”

मेथीची दुसरी जुडी उचलून मामा तिच्या पायाशी, खाली जमिनीवर, पूर्ण मांडी घालून निवडायला बसले.